पांझरेकाठचे फड-बंधारे आणि त्यांची छायाचित्रे



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला खानदेशातून इतक्या दूर, उळवीच्या या अरण्यमय परिसरात बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु काल सायंकाळी त्यांच्या काही विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. भूगोलाच्या तासाला फळ्यावर नकाशा काढण्यापूर्वी गुरुजी मुलांना ओढ्यावर नेत आणि पाणी कोठून येते, कोठे जाते आणि वाटेत कोणाकोणाच्या उपयोगी पडते, हे त्यांना स्वतः शोधून काढायला सांगत, असे मला कळले. ते ऐकून आजच्या विषयाबद्दल माझ्या मनात असलेला संकोच दूर झाला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही आणि अभियंताही नाही. चित्रकला शिकवणे हा माझा व्यवसाय आणि छायाचित्रण हा छंद. या छंदापायी गेली अनेक वर्षे मी धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरचे जुने बंधारे पाहत आणि टिपत आलो. त्या पाहण्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

काळी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना खानदेशातल्या बंधाऱ्यांची कथा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडे पाऊस उदंड. आमच्या धुळ्याकडे वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. आपल्या नदीवर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण उभे आहे. त्याच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, विस्थापितांना रामनगरला वसवण्यात आले आणि ज्या तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत, तो पुढे जोयडा या नावाने ओळखला जाऊ लागला. हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. येथे बसलेल्या अनेकांच्या घरचाच तो इतिहास आहे. सुप्याचे पाणी वीज निर्माण करते आणि ती वीज दूरवर जाते. मी ज्या बंधाऱ्यांविषयी बोलणार आहे, त्यांची उंची बहुधा दोन पुरुषांहून अधिक नाही आणि त्यांचे पाणी गावाच्या शिवाराबाहेर जात नाही. मात्र धरण लहान असो वा मोठे, पाणी अडवल्यानंतर ते कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. पांझरेकाठच्या लोकांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. ते उत्तर कसे होते आणि त्याचे पुढे काय झाले, याची ही हकीकत आहे.

नदी आणि बंधारा

पांझरा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, साक्री तालुक्यात उगम पावते. पिंपळनेर, साक्री या बाजूने पूर्वेस वाहत ती धुळे शहरातून जाते, पुढे उत्तरेकडे वळते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. कान ही तिची उपनदी साक्रीच्या परिसरात तिला येऊन मिळते. पांझरा, तसेच नाशिक जिल्ह्याच्या बागलाण-मालेगाव भागातल्या मोसम आणि आरम, या नद्यांवर गावोगावी दगडी बंधारे आहेत. त्यांची परंपरा तीन-चारशे वर्षांची मानली जाते. या बंधाऱ्यांवर आधारलेल्या सिंचनव्यवस्थेला ‘फड पद्धत’ म्हणतात.

बंधाऱ्याची जागा पाहिली की ती निवडणाऱ्याच्या नजरेचे कौतुक वाटते. खानदेशच्या काळ्या पाषाणातून जागोजागी अतिकठीण खडकाच्या उभ्या भिंती गेल्या आहेत. नदी त्यांना कापत वाहते, तेथे पात्रात आडवा खडक उघडा पडतो. जुन्या गवंड्यांनी हाच खडक पाया म्हणून घेतला आणि त्यावर दगड-चुन्याचे बांधकाम केले. त्यामुळे असे बंधारे पुष्कळदा नाकासमोर सरळ जात नाहीत. खडक जसा गेला, तशी भिंतही तिरपी किंवा वळणे घेत जाते. आखणीपट्टीने रेघ मारण्याची सवय असलेल्या डोळ्याला प्रथम हे ओबडधोबड वाटते. नदीशी भांडण न करता तिच्याच हाडाचा आधार घेण्यात केवढा शहाणपणा आहे, ते नंतर ध्यानात येते. पुराचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून निघून जाते. पूर ओसरला की अडलेले पाणी एका काठाला असलेल्या तोंडातून कालव्यात शिरते. येथे यंत्र नाही, पंप नाही. जमिनीचा उतार हीच काय ती शक्ती.

हे कालवे साधारण दोन ते बारा किलोमीटर लांबीचे असतात. कालव्यातून चाऱ्या निघतात, चारीतून शेतात पाणी नेणाऱ्या बारीक वाटा निघतात. त्यांना ‘सारंग’ म्हणतात. जादा पाणी पुन्हा नदीत नेऊन सोडणाऱ्या वाटेला ‘सांडम’ असे नाव आहे. पाणी आणण्याइतकीच पाणी काढून देण्याची काळजी तेथे घेतलेली आहे. अलीकडच्या कितीतरी मोठ्या कालव्यांखाली निचऱ्याअभावी जमिनी चोपण आणि खारवट झाल्या. तीनशे वर्षे पाणी पिऊनही फडाखालची जमीन सुपीक राहिली, याचे एक कारण या सांडमात आहे.

फडाचा कायदा

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला ‘कायम बागायत’ म्हणत. या क्षेत्राचे सामान्यतः चार भाग पाडलेले असत. त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशे हेक्टरांपर्यंतचा. दरवर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे सर्व शेतकरी मिळून ठरवीत. आणि मुख्य नियम असा, की एका फडात एकच पीक. फडात जमीन पन्नास जणांची असली तरी ऊस ठरला की सर्वांचा ऊस, गहू ठरला की सर्वांचा गहू. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत तुकड्यातुकड्यांनी असल्यामुळे उसाचा लाभही सर्वांना आणि पडीक रानाचा तोटाही सर्वांना, अशी विभागणी होई.

या नियमामागचा विचार साधा आणि खोल आहे. शेजारी-शेजारी ऊस आणि हरभरा असला तर एकाला आठवड्याने पाणी हवे, दुसऱ्याला महिन्याने. पाणी देणाऱ्याने कोणाचे ऐकावे? सगळ्या फडाचे पीक एक असले की सगळ्याची तहानही एक होते. मग पाणी ठरलेल्या क्रमाने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता येते, आणि मध्येच कोणाला आपली चारी फोडण्याचे कारण उरत नाही. पावसाळा कमी झाला तर भिजवायचे क्षेत्रच सर्वांनी मिळून कमी करायचे.

ही व्यवस्था चालवण्यासाठी गावाची पंचमंडळी असे. प्रत्यक्ष पाणी वाटणारा तो पाटकरी, राखण करणारा तो जागल्या. त्यांचा मोबदला पिकातून, धान्याच्या रूपाने दिला जाई. पाटकऱ्याचे पोट सर्वांच्या खळ्यांवर अवलंबून असल्यामुळे एकाच शेतकऱ्याला खूश ठेवून त्याचे भागत नसे. हंगामापूर्वी कालव्यातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे.

१८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तेवीस वर्षांचे तरुण अभियंता मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांची नेमणूक खानदेशात झाली. पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारी नळांची वक्रनलिका त्यांनी दातर्ती येथे बांधली. स्वतंत्र जबाबदारीचे ते त्यांचे आरंभीचे काम. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आणली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडून त्यांत पिकांची फेरपालट आणि पाण्याची हमी, अशी तिची मांडणी. फड पद्धतीशी तिचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. कर्नाटक ज्यांना आपले मानतो आणि महाराष्ट्रही ज्यांना परके मानत नाही, अशा या थोर अभियंत्याच्या आयुष्याचा आरंभ पांझरेच्या वाळूत झाला, हे सीमाभागातल्या श्रोत्यांपुढे सांगताना मला विशेष आनंद होतो.

कॅमेरा काय पाहतो

आता छायाचित्रांकडे वळतो. आपल्या देशात छायाचित्रण आणि सार्वजनिक बांधकाम यांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकातले आपले सर्वश्रेष्ठ छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते. पूल, राजवाडे, किल्ले यांची चित्रे त्यांनी ज्या काटेकोरपणे घेतली, त्यात आराखडे काढणाऱ्या हाताची शिस्त दिसते. बांधकाम कसे टिपावे याचा तो वस्तुपाठच आहे.

बंधारा टिपणे वरकरणी सोपे असते. पावसाळा सरता सरता, आश्विन-कार्तिकात, माथ्यावरून पाण्याची पातळ चादर पडत असते. सकाळचे तिरपे ऊन, काठावर धुणी, पाण्यात उतरलेली गुरे, एखादा बगळा. असे चित्र कोणालाही आवडते, आणि तशी पुष्कळ चित्रे माझ्याजवळ आहेत. त्यात एक युक्ती असते. कॅमेऱ्याची झडप सावकाश उघडझाप केली की पडणारे पाणी रेशमाच्या लडीसारखे पांढरे, मऊ दिसते. प्रदर्शनात अशा चित्रांपुढे लोक थबकतात. पण त्या रेशमात पाण्याचे वजन नाहीसे होते आणि ते शतकानुशतके सोसणाऱ्या चिऱ्याचे मोलही नाहीसे होते. म्हणून मी झडप जलद ठेवून, थेंब न् थेंब सुटा दिसेल असे चित्र पसंत करू लागलो. भिंतीजवळ एखादा माणूस उभा करावा, म्हणजे उंची कळते. मे महिन्यात पात्र कोरडे असताना पुन्हा यावे, म्हणजे पाण्याने झाकलेला पाया, चुन्याच्या दरजा, दुरुस्तीच्या जागी नंतर भरलेले सिमेंट हे सर्व उघडे दिसते. बंधाऱ्याचे खरे चरित्र वाचायचे तर ते उन्हाळ्यातच.

मोठ्या धरणांवर छायाचित्रणास मनाई असल्याचे फलक असतात. बंधाऱ्यावर तशी मनाई कोणी करत नाही. मात्र तेथे तुम्हाला प्रश्न विचारला जातो. साक्री तालुक्यातल्या एका गावी मी तिकाटण्यावर कॅमेरा लावून उभा असता एक वृद्ध गृहस्थ फावडे खांद्यावर टाकून जवळ आले. त्यांचे घराणे पाटकऱ्याचे. बराच वेळ ते मुकाट्याने पाहत राहिले आणि मग आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, भितना फोटो काढशात, पन पाळीना फोटो कसा काढशात?” भिंतीचा फोटो तुम्ही काढाल हो, पण पाण्याच्या पाळीचा फोटो कसा काढाल?

त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. ज्या गोष्टीमुळे भिंतीला अर्थ येतो, ती माझ्या चौकटीत नाही, एवढेच ते सांगत होते. मी त्यांना विचारले, “आबा, मग तुम्हीच सांगा, पाळी दिसते कोठे?” त्यांनी नदीकडे पाठ केली आणि काठापलीकडच्या टेकाडाकडे बोट दाखवले.

त्या टेकाडावर उभे राहिल्यावर मला फड पहिल्यांदा नीट दिसला. खाली एक सलग हिरवा पट्टा होता, त्यापलीकडे सलग पिवळसर. मध्ये बांध होते, ते अनेक घरांच्या मालकीच्या खुणा सांगत होते. रंग मात्र बांधांपाशी बदलत नव्हता. इतक्या माणसांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय असा जमिनीवर रंगाच्या रूपाने उमटलेला होता. करार कागदावर असतो असे आपण समजतो. पांझरेकाठी तो शिवारावर लिहिलेला असे, आणि तो वाचायचा तर बंधाऱ्याकडे पाठ करून उंचावर जावे लागे.

तेव्हापासून बंधारा टिपण्याची माझी रीत ठरून गेली. एका बंधाऱ्याचे एक चित्र पुरेसे होत नाही. चित्रांची मालिका लागते. पहिले भिंतीचे. दुसरे कालव्याच्या तोंडाचे. मग कालव्याच्या काठाने चालत जावे आणि प्रत्येक चारीपाशी थांबावे. शेवटच्या शेताचे चित्र तर कधीही चुकवू नये. वाटप न्याय्य आहे की नाही, याचा दाखला पहिल्या शेतात मिळत नाही. शेपटाकडच्या शेतातले पीक काय सांगते, ते पाहावे लागते. त्यानंतर गाळ काढणारे हात, पाटकऱ्याचे फावडे, पंचांची बैठक, आणि टेकाडावरून साऱ्या शिवाराचे चित्र. प्रत्येक चित्रामागे तारीख, जागा, दिशा आणि त्या दिवशी पाणी कोणत्या फडात चालू होते, याची नोंद. नोंदीविना चित्र म्हणजे सहीविना दस्तऐवज होय.

गोधडी

एकाच जागेवरून वर्षानुवर्षे चित्रे घेत राहण्याचा एक लाभ असा, की रोजच्या डोळ्याला न दिसणारा बदल त्यात दिसू लागतो. त्या टेकाडावरून पुढच्या वर्षांत घेतलेली चित्रे मी ओळीने मांडतो, तेव्हा सलग पट्टे हळूहळू फाटत गेलेले दिसतात. हिरव्यात एक चौकोन पांढरट, तो कांद्याचा. पिवळ्यात एक चौकोन गडद, तो उसाचा. काही वर्षांनी असे चौकोन इतके वाढतात की शिवाराची गोधडी होते. आणि या सर्व काळात बंधाऱ्याची भिंत मात्र जशीच्या तशी असते. किंबहुना ती अधिक चांगली दिसते, कारण मध्यंतरी तिला सिमेंटचा गिलावा झालेला असतो. केवळ भिंतीची चित्रे पाहणारा म्हणेल, सर्व काही सुरक्षित आहे.

असे का झाले? याचा दोष एकाच्या माथी मारता येत नाही. पहिले कारण विहीर आणि पंप. यातला गमतीचा, पण दुःखाचा भाग असा, की बंधाऱ्यामुळे आणि कालव्याच्या पाझरामुळेच आसपासच्या विहिरींना पाणी टिकते. म्हणजे बंधाऱ्याचे पाणी जमिनीखालून प्रत्येकाच्या विहिरीत जाते, आणि ज्याची विहीर भरली त्याला पाळीची गरज उरत नाही. ज्याला पाळीची गरज नाही, तो बैठकीला कशाला येईल? आणि जो बैठकीला येत नाही, तो फडाचे पीक कशाला पाळील? व्यवस्थेनेच दिलेल्या पाण्याने व्यवस्थेची गरज संपवली.

दुसरे कारण बाजार. कांद्याला भाव आला की ज्याने त्याने आपापल्या तुकड्यात कांदा करावा, हे स्वाभाविक आहे. तिसरे कारण वरच्या अंगाला झालेली धरणे. कान नदीवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा, आणि अलीकडच्या काळात अक्कलपाडा. या धरणांनी नुकसानच केले असे मी म्हणणार नाही. पूर्वी फाल्गुनात आटणाऱ्या नदीला त्यांच्या आवर्तनामुळे उन्हाळ्यातही पाणी येते, आणि ते खालच्या जुन्या बंधाऱ्यांनाच अडते. मात्र पाणी केव्हा सुटेल, हा निर्णय गावाच्या पारावरून उठून कार्यालयात गेला. ज्या पंचांच्या हाती पाण्याची तारीख नाही, त्यांच्या शब्दाला वजन किती राहणार? याखेरीज नदीतला वाळूचा उपसा, वाटण्यांमुळे झालेले जमिनीचे बारीक तुकडे आणि नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली पिढी, ही कारणे आहेतच. काही गावांनी अजूनही फड टिकवले आहेत. जेथे पाण्याची टंचाई खरी आहे आणि पंचांवर विश्वास आहे, तेथे ते टिकले आहेत.

जुने ते सर्व सोने, असा माझा आग्रह नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फडाचा न्याय जमीनधारकांपुरता होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नव्हता. कायम बागायतीची हद्द एकदा ठरली की वरच्या अंगाच्या कोरडवाहू शेतकऱ्याने नदी डोळ्यांनी पाहावी, एवढेच. पंचांच्या बैठकीच्या जुन्या चित्रांत एकही स्त्री दिसत नाही. बंधाऱ्यावरच्या चित्रांत मात्र धुणे आणि हंडे घेतलेल्या स्त्रियाच अधिक. पाणी वाहणाऱ्या हातांना पाणी वाटण्याचा अधिकार नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. फडाला जे सुचले नाही, ते त्यांनी करून दाखवले. परंपरेचा अभिमान धरताना तिच्या या उणिवेची नोंदही आपण ठेवली पाहिजे.

दूरचे आणि जवळचे दाखले

फड हा केवळ खानदेशचा चमत्कार आहे, असेही नव्हे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया या शहराजवळ तुरिया नदीवर असेच बंधारे आहेत आणि त्यांतून आठ कालवे निघतात. प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी, असे आठ न्यायाधीश दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तेथील मुख्य चर्चच्या दारात बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी ऐकून जागेवर निकाल देतात. त्या ‘जलन्यायालया’ला युनेस्कोने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी व्हॅलेन्सियासारखी उदाहरणे अभ्यासली. सामायिक संपत्ती सरकारने ताब्यात घेतली किंवा खाजगी मालकीत वाटली तरच वाचते, हा समज खरा नाही. वापरणारे लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान् पिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. जगाने ज्या विचारासाठी नोबेल दिले, तो आमच्या पाटकऱ्यांच्या फावड्याला आधीच ठाऊक होता, असे म्हणण्याचा मोह होतो.

आपल्या अधिक जवळ यायचे तर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपण पाहिले असतील. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढायचे. बरगे वेळेवर बसले नाहीत तर पाणी वाहून जाते, वेळेवर निघाले नाहीत तर पूर काठ फोडतो. तेथेही बंधारा म्हणजे शेवटी माणसांनी पाळलेली तारीखच. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेवरचा धुपदाळचा दगडी बंधारा, ज्यातून गोकाक कालवा निघतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उभा आहे. घाट उतरून गोव्यात गेलात तर खाजन शेतीचे बांध आणि मानशी दिसतात. खारे पाणी अडवणारे ते बांध राखण्याची जबाबदारी गावकरी मिळून वाहत असत.

आणि अगदी आपल्या अंगणात? दिवाळीनंतर ओढ्याचे पाणी उतरले की दगड, माती, फांद्या आणि पाला घालून लहानसा बांध घालायचा, सुपारीच्या बागेला किंवा उन्हाळी भाताला पाणी वळवायचे आणि पहिल्या पुरात तो बांध वाहून जाऊ द्यायचा, ही रीत उत्तर कन्नडच्या दऱ्याखोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हा बांध दरवर्षी नव्याने घातला जातो. त्यासाठी दरवर्षी शेजाऱ्यांना एकमेकांना हाक मारावी लागते. दगडी बंधारा एकदा बांधून विसरता येतो; मातीचा बांध विसरू देत नाही. त्या दृष्टीने तो अधिक दुबळा, की अधिक बळकट, याचा विचार आपण करावा.

महाराष्ट्रात २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा झाला. पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. नाशिक जिल्ह्यात वाघाडसारख्या प्रकल्पावर त्या कायद्याच्याही आधीपासून चांगल्या चालल्या आहेत. कायद्याने संस्थेची नोंदणी होते. पाळी पाळण्याची सवय नोंदणीने येत नाही; ती एकमेकांच्या शेताकडे पाहण्यातून येते. म्हणून जेथे ही सवय अजून जिवंत आहे, तेथे ती मोडण्यापूर्वी तिची नोंद होणे आणि तिच्याकडून शिकणे, हे मला आज सर्वांत निकडीचे वाटते. भिंत ढासळली तर शासन ती पुन्हा बांधू शकते. ठराव करून, निधी देऊन, सहा महिन्यांत बांधू शकते. पन्नास घरांनी शब्दाला जागण्याची रीत एकदा विसरली गेली, तर ती कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही.

विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना

शेवटी एक विनंती करून मी थांबणार आहे. आज छायाचित्र काढणे पूर्वीसारखे खर्चाचे राहिलेले नाही. पूर्वी एका रोलमध्ये छत्तीस चित्रे. प्रत्येक कळ दाबण्याआधी मनात हिशेब होई. आता येथील प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. माघात उळवीच्या यात्रेला आपण गावी येता, तेव्हा देवळाची, रथाची, बैलगाड्यांची चित्रे काढता. ती जरूर काढावीत. त्याबरोबर आपल्या वाडीच्या ओढ्यावरचा बांधही टिपावा. तो कोणी घातला, किती घरांनी मिळून घातला, पाणी प्रथम कोणाला आणि शेवटी कोणाला मिळते, वाद झाला तर कोणाचा शब्द मानतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून चित्रामागे लिहावे. शक्य झाल्यास दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच जागेवरून तेच चित्र घ्यावे.

शाळेने अशा चित्रांची आणि नोंदींची एक साधी वही ठेवावी, अशी मी मुख्याध्यापकांना नम्र सूचना करतो. त्यास मोठा निधी लागणार नाही. दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांनी एक ओढा घ्यावा आणि त्याची वंशावळ लिहावी. दहा वर्षांत या परिसराच्या पाण्याचा असा दस्तऐवज तयार होईल, जो कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. सुप्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे ओढे, पाट आणि पाणवठे यांची अशी वही कोणी ठेवली असती, तर आजच्या मुलांना आपल्या आजोबांचे शिवार डोळ्यांपुढे आणता आले असते. ज्यांना ते शिवार आठवते अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापासूनच ही वही सुरू व्हावी.

मुलांना ओढ्यावर नेणाऱ्या शिक्षकाच्या स्मृतीला याहून उचित अशी आदरांजली मला सुचत नाही.